जप करूनही करणीची भीती जात नाही

प्रश्न:
दोन वर्षांपूर्वी वाटणीवरून घरात भांडण झालं. तेव्हापासून पहाटे जाग येते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हात हलत नाही, आवाज फुटत नाही, दाराशी कुणीतरी उभं दिसतं. एका जाणत्याने सांगितलं, ‘घरातल्याच बाईने करणी केलीय.’ जावेशी बोलणं टाकलं. रोज जप करते. आत्म्याला काही बाधत नाही हे पाठ आहे, तरी रात्र झाली की पोटात गोळा येतोच. यातून कुणी बाहेर पडलंय का?

उत्तर १:
ताई, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात. मन आधी जागं झालं की शरीर हलत नाही आणि स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांपुढे राहतो. थोड्या वेळात आपोआप सुटतं. झोप अपुरी असली किंवा उताणं झोपलं की जास्त होतं. वारंवार होतंय, तर डॉक्टरांना दाखवाच.

उत्तर २:
मी बाहेर पडलोय, म्हणून लिहितो. धंदा बसला तेव्हा दंडात ताईत बांधला, तो अकरा वर्षं होता. जपही चालायचा. एके दिवशी माळ ओढताना लक्षात आलं की तोंडात देवाचं नाव आहे आणि डोळ्यांपुढे चुलतभावाचा चेहरा. प्रत्येक मण्यागणिक मी त्यालाच आठवत होतो! जपाची मी ढाल केली होती, आणि ढाल धरायची तर समोर शत्रू लागतोच.

मग माळ बाजूला ठेवून नुसता बसायला लागलो. भीती आली की ती शरीरात कुठे आहे ते बघायचं. माझी बेंबीच्या वर असायची, गरम, मुठीएवढी. वाढायची, थरथरायची, ओसरायची. बघणारा मात्र तिच्याबरोबर वाढत नव्हता, ओसरतही नव्हता. ‘आत्म्याला बाधत नाही’ हे तोवर माझंही फक्त पाठ होतं.

भीती खोटी नसते, ताई. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1942 साली शापाच्या धास्तीने होणाऱ्या मृत्यूंवर लेख लिहिला. काम शापाचं नाही, धास्तीचं, असं त्याचं म्हणणं. म्हणून ताईत सोडला त्या रात्री मी टक्क जागा होतो, याचं मला आता नवल वाटत नाही. तिसऱ्या रात्री झोप लागली.

वहीही ठेवा. मी आधी फक्त वाईट दिवस मोजायचो. चांगले लिहायला लागलो तेव्हा कळलं, ते कधी मोजलेच नव्हते.

प्रश्नकर्ती:
दादा, ‘शत्रू लागतोच’ वाचून रडू आलं. माझ्याही जपात जाऊच असते. काल कुशीवर झोपले. जाग आली, पण दाराकडे न बघता पोटातला गोळा बघत राहिले. उजाडेपर्यंत पुन्हा डोळा लागला होता. जावेला फोन करायचा धीर अजून होत नाही.

उत्तर २:
फोनची घाई नको. जपात तिचा चेहरा आला तर ढकलू नका, येऊ द्या. मला चुलतभावाशी बोलायला आणखी वर्ष लागलं होतं.