रविवारी तीन तास राबून आठवडा सुटतो का?

पहाटेची_बदलापूर
माझी लोकल सव्वासातची. घरात दोन शाळकरी मुलं, सासूबाई, आणि नवऱ्याला दुसरी पाळी. आठवडाभर घर चालतं ते रविवारच्या तीन तासांवर. मेथी-पालक निवडून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळते. मटकी भिजवून मोड आणायला टांगते. दाण्याचं कूट होतं. कांदा-सुकं खोबरं खरपूस भाजून वाटते आणि लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते. लसणाच्या पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकल्या की सालं बोटांनी सुटतात. पावशेर लसूण एका बैठकीत उरकतो. कणीक मात्र रोज रात्री, दुसऱ्या दिवसापुरती.

परवा एक नातेवाईक घरी आल्या. फ्रीज उघडून म्हणाल्या, "पोरांना आठवडाभर शिळं घालतेस होय!" तेव्हापासून मनातून जात नाहीये. मी हे आळसापोटी करत नाही. हे केलं नाही तर संध्याकाळी साडेसातला घरात शिरल्यावर मुलांचा अभ्यास घ्यायला मी उरतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

साताऱ्याची_काकू
अगं, तुला आळशी कोण म्हणेल! नातेवाइकांचं सोड. पण पद्धत मला पटत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, सकाळची शाळा. चिरून ठेवलेल्या भोपळी मिरचीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, गवारीचा ताजेपणा जातो. रात्रीची कणीक सकाळी काळपट होते आणि पोळी चामट.

वेळ चिरण्यात जातच नाही, तो जातो ताटात. पोळी, सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर हे सगळं रोज हवंच कशाला? आमच्याकडे मंगळवारी मुगाची खिचडी आणि ताक, गुरुवारी पिठलं-भाकरी, शनिवारी थालीपीठ. सगळं ताजं, गरम, आणि पाऊण तासात ओटा पुसून मोकळी. तू पाच पदार्थांची तयारी आधी करतेस, मी तीन पदार्थच कमी केले.

आंबाडे_लोणचं
काकू, आधी करून ठेवणं आपल्याकडे नवीन आहे का? माझ्या आजीचं अख्खं वर्ष मे महिन्यात ठरायचं. कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. पावसाळ्यात भाजी नसली की सांडग्याची आमटी पंधरा मिनिटांत. तुमच्या शनिवारच्या थालिपीठाची भाजणी तरी त्या दिवशी कुठे भाजता? मग भाजणीचा डबा म्हणजे संस्कृती आणि वाटणाचा डबा म्हणजे शिळं, असं कसं?

साताऱ्याची_काकू
बरोबर पकडलंस. पण दोन गोष्टी. एक, ते सगळं उन्हात कडकडीत वाळलेलं किंवा भाजलेलं असायचं. पाण्याचा अंश नाही म्हणून टिकायचं. ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि मेतकूट एका मापात मोजू नकोस, ओलं खोबरं फ्रीजमध्येसुद्धा दोन-तीन दिवसांत आंबूस होतं. लसूण वाटून तेलात घालून बाहेर ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, तसं करू नका. तेलाखाली हवा लागत नाही आणि त्यात विषारी जंतू वाढू शकतात, वासही येत नाही.

दुसरी गोष्ट, कुरडयांचा चीक शिजवायला आळीतल्या सहा बायका यायच्या. आज आमच्या गच्चीवर, उद्या त्यांच्या. एकटी बाई दार लावून तीन तास राबत नव्हती.

गिरगाव_चौकोन
काकूंनी शेवटी जे म्हटलं तिथेच खरी गोम आहे. ताई, त्या तीन तासांत घरातली बाकीची माणसं कुठे होती?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. आणि हे ८८ फक्त जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे, बहुतेक पुरुष त्या मोजणीत येतच नाहीत. २०१९ ला आकडे होते २९९ आणि ९७. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ. अंतर तिथल्या तिथेच. फडकं, डबे, कोमट पाणी या सगळ्या युक्त्या शेवटी एकाच बाईचं काम बुधवारचं रविवारी नेतात. तुमची सुट्टी गेली, हिशोबात ती कुठेच नाही.

पहाटेची_बदलापूर
हे वाचून जरा लागलं. नवरा भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, विचारलं की भाजी आणतो. तो वाईट नाही हो.

गिरगाव_चौकोन
त्यांना वाईट म्हटलंच नाही. "विचारलं की" एवढंच पाहा.

दोन_शिट्ट्या
मी पुरुष, नाशिक. बायको परिचारिका, तिला रात्रपाळी. "सांग काय करू" हे मीही सहा वर्षं म्हणत होतो आणि मदत करतो असं समजत होतो. मग तिची सलग पंधरा दिवस रात्रपाळी आली. पहिल्याच सोमवारी छोले करायला घेतले, तर भिजवलेलेच नाहीत! शिजवणं हे काम आहे हे मला माहीत होतं. आदल्या रात्री दहा वाजता आठवणं हेही काम आहे, हे त्या दिवशी कळलं.

आता सकाळचा स्वयंपाक पूर्ण माझा, त्यातलं आठवणंही माझं. आणि युक्त्यांना मी नाही म्हणणार नाही. तूरडाळ अर्धा तास भिजवून, हळद-हिंग घालून कुकरमध्ये खालच्या डब्यात, वर भात, त्यावर चाळणीत बटाटे. कुकरच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, म्हणून एकाच गॅसवर तिन्ही होतं. तेवढ्यात मी मुलीची वेणी घालतो. नवशिक्याला अशा युक्त्यांनीच धीर येतो. त्या नसत्या तर मी दुसऱ्या दिवशी खानावळ लावली असती.

पोळीभाजी_केंद्राजवळ
एवढी चर्चा कशाला? पोळ्या विकत घ्या. आमच्या कोपऱ्यावर बचत गटाच्या ताई करतात, मऊ असतात, घडीच्या असतात. माझा रोजचा तास वाचतो.

आंबाडे_लोणचं
घ्याव्यात की. फक्त भाव करू नये. त्या ताई दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटून रात्री घरी जाऊन पुन्हा परात पुढे घेतात.

पहाटेची_बदलापूर
काल सगळं पुन्हा वाचलं. काकू, बुधवारी खिचडी केली. सासूबाईंनी "भाजी नाही?" विचारलं, पण दोनदा वाढून घेतली. भाज्या चिरून ठेवणं मी करतच नव्हते, निवडून ठेवते, ते चालू ठेवणार. वाटणही ठेवणार, ते सुक्या खोबऱ्याचं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मटकी भिजवायचं मात्र नवऱ्याकडे दिलंय. "आठवण कर" म्हणाला, मी नाही म्हटलं. शुक्रवारी रात्री भिजली नव्हती, शनिवारी भिजली. लसणाचं पातेलं रविवारी दोन्ही मुलांपुढे ठेवलं, धाकट्याने मोजून चाळीस पाकळ्या सोलल्या.

साताऱ्याची_काकू
शाब्बास त्या पोराची. वाटणाचं मी मागे घेते. कणकेचं नाही. सकाळी दहा मिनिटं आधी ऊठ, नाहीतर नवऱ्याला उठव, तो तर दुसऱ्या पाळीचा आहे.

दोन_शिट्ट्या
काकू, कणकेच्या गोळ्याला वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून बघा. हवा लागली नाही की काळी पडणं बरंच कमी होतं. मी रोज तशीच ठेवतो.

साताऱ्याची_काकू
बघितलंय करून. पोळी चामटच.