बाबांच्या जुन्या अ‍ॅम्पला डॅक जोडायचाय, कुठला घेऊ? (बजेट १५-२० हजार)

भटियार (कोथरूड)

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे डॅक (डिजिटल फाइलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करून अ‍ॅम्पला देणारी डबी) या विषयावर इतकं वाचलंय की डोकं भणभणलंय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

आमचे बाबा आता ७४ चे आहेत. सवाई रमणबागेत व्हायचं तेव्हा कधी चुकवलं नाही, मुकुंदनगरला गेल्यावरही दोन वर्षं गेले, पण आता गुडघ्यांमुळे तेवढा वेळ बसवत नाही. म्हणून घरीच नीट ऐकायची सोय करून द्यायचीय. ऐंशीच्या दशकातला सोनोडाईनचा अ‍ॅम्प आणि स्पीकर आहेत, गेल्या वर्षी सर्व्हिस करून घेतले, थ्री पिन पण लावून घेतली, ठणठणीत चालतात. १८० च्या आसपास सीडी होत्या त्या सगळ्या मी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) लॅपटॉपवर काढून ठेवल्यात, आणि बाबांच्या कॅसेट (बऱ्याचशा कर्वे रोडवरच्या अलूरकरांकडून घेतलेल्या) त्यापण जमेल तशा चढवतोय.

आता अडचण अशी की लॅपटॉपच्या हेडफोनच्या होलमधून वायर काढून अ‍ॅम्पला दिली की मागे बारीक किर्रर्र आवाज येतो. माउस हलवला की तो बदलतो, पेज स्क्रोल केलं की चिरचिर होते. तबल्याची द्रुत गत चालू असेल तर कळत नाही पण विलंबित आलापात अगदी जाणवतं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले तानपुऱ्यात रातकिडा बसलाय.

तर डॅक घ्यायचा हे नक्की. एक दुकानदार म्हणतो ईएसएस कंपनीची चिप असलेलाच घ्या, दुसरा म्हणतो शास्त्रीय संगीताला एकेएम कंपनीची चिप मऊ वाजते, ऑफिसमधला मित्र म्हणतो थोडे पैसे साठव आणि आर-टू-आर (रेझिस्टरच्या शिडीने काम करणारा डॅक) घे नाहीतर घेऊच नको. त्यात यूएसबी की ऑप्टिकल, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ... मला एवढंच हवंय की किडा जावा आणि गळा गळ्यासारखा ऐकू यावा. टीव्हीपण जोडता आला तर बरं. काय घेऊ?

तपकीरगल्ली

चिपचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आज रात्री एक गोष्ट करून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढा, नुसत्या बॅटरीवर तीच वायर, तेच गाणं लावा. किर्रर्र गेली तर तुमचा प्रॉब्लेम ग्राउंड लूप आहे, आवाजाच्या दर्जाचा नाही.

मी अठ्ठावीस वर्षं रिपेअरिंगमध्ये आहे, डॅक आणून पण आवाज तसाच म्हणून वैतागलेले लोक महिन्याला एक तरी येतो. कारण साधं आहे, लॅपटॉपच्या थ्री पिन चार्जरमधून अर्थ लॅपटॉपच्या ग्राउंडला येते, अ‍ॅम्पची स्वतःची अर्थ वेगळ्या सॉकेटमधून येते, आणि ऑडिओच्या वायरची जाळी या दोघांना जोडते, म्हणजे झाली गोल रिंग पूर्ण. लॅपटॉपच्या आतली सगळी घाण त्या जाळीवरून अ‍ॅम्पमध्ये उतरते. आता मध्ये यूएसबी डॅक लावला, तरी यूएसबीच्या केबलमध्ये पण ग्राउंडची तार असतेच, त्यामुळे रिंग तशीच राहते. ५ हजाराचा लावा की ५० हजाराचा.

ऑप्टिकलमध्ये मात्र तांब्याची तारच नाही, नुसता लाल उजेड जातो, त्यामुळे रिंग तिथेच तुटते. म्हणून तुमच्या केसमध्ये ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक घ्या ही पहिली अट. आजकालच्या लॅपटॉपला ऑप्टिकल आउट नसतं, पण यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी छोटी डबी मिळते, किंवा लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून डॅकला असंही चालतं. टीव्ही बहुतेक वेळा सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून देतो, ऐकताना त्याने काही बिघडत नाही.

आणि हात जोडून सांगतो, आवाज घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कोणी काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. जुना ट्रान्सफॉर्मर आहे, उद्या आत शॉर्ट झाला तर बॉडीला करंट येईल आणि बटणाला हात लावणारे तुमचे बाबा असतील.

शुद्धसारंग

वरच्या अर्थिंगच्या मुद्द्याला पूर्ण सहमत, पण चिप बाजूला ठेवा हे मला पटत नाही. माझ्याकडे दोन वर्षांपासून आर-टू-आर डॅक आहे, ओव्हरसॅम्पलिंग (आवाजाच्या नमुन्यांच्या मध्ये आणखी नमुने भरणं) बंद करून ऐकतो, आणि तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझणती गुंज) जशी त्यात गोल येते तशी आधीच्या डॅकमध्ये येत नव्हती. आधीच्यात षड्जाच्या वरचे स्वर टोचायचे. रात्री दोन-दोन तास ऐकतो, कान थकत नाहीत. भटियार, तुमचे बाबा आयुष्यभर प्रत्यक्ष गाणं ऐकलेले आहेत, त्यांच्या कानाला हा फरक कळणारच. बजेट थोडं वाढवता आलं तर जरूर ऐकून बघा.

मुक्ता_सहकारनगर

शुद्धसारंग, तुम्हाला जे ऐकू येतं ते खरंच असणार, आणि त्याचं कारणही आहे. ओव्हरसॅम्पलिंग बंद केलं की ४४.१ किलोहर्ट्झच्या (सीडीच्या) फाइलमध्ये वरचे स्वर उतरत जातात, २० किलोहर्ट्झपर्यंत साधारण ३ डेसिबल कमी होतात. टोचणं कमी झालं ते त्यामुळे असू शकतं. पण तोच परिणाम अ‍ॅम्पचं ट्रेबलचं बटण जरा डावीकडे फिरवून फुकटात मिळतो आणि भटियार यांच्या अ‍ॅम्पला ते बटण नक्की असणार.

मी स्वतः या चक्रातून गेलेय म्हणून सांगते. दोन डॅक होते, एक स्वस्तातला आणि एक त्याच्या पाचपट किमतीचा, आणि मला छातीठोकपणे वाटायचं की महागातला जास्त मोकळा वाजतो. मग एका रविवारी आम्ही चौघं बसलो, ५० हर्ट्झचा टोन लावून साध्या मल्टिमीटरने दोघांचं आउटपुट मोजलं तर महागातलं जास्त निघालं, जवळजवळ पाऊण डेसिबल. एवढा फरक "मोठा आवाज" म्हणून कळत नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो. दोन्ही सारखे करून घेतले, एकाने पडद्यामागे वायरी बदलायच्या आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर लिहायचं असं केलं, तर एकालाही सलग ओळखता आलं नाही, मलाही नाही. मी महागातला विकला आणि ते पैसे जाड पडदे, सतरंजी आणि स्पीकरच्या स्टँडला घातले, तेव्हा मात्र शेजारच्या काकूंनापण फरक कळला.

लॅपटॉपच्या होलमधून साधारण १ व्होल्ट किंवा त्याहून कमी निघतो आणि डॅकमधून २ व्होल्ट, म्हणजे सरळ ६ डेसिबल जास्त. दुकानात दोन्ही लागोपाठ ऐकवले तर कोणालाही डॅक भारीच वाटेल, हे ध्यानात ठेवून ऐका.

चिपबद्दल एवढंच, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानात नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या आणि कितीतरी कंपन्यांनी आपल्या मॉडेलमध्ये ईएसएस घातली. चिप म्हणजेच आवाज असं असतं तर त्या सगळ्या कंपन्यांचा आवाज एका वर्षात बदलला असता. भोवतीचं सर्किट आणि पॉवर सप्लाय नीट असेल तर दोन्ही चिपा आपल्या गरजेच्या कितीतरी पुढे आहेत. सीडीची रेंज (सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) ९६ डेसिबल, कॅसेटची ६० च्या आसपास किंवा खालीच, आणि आज १० हजारांतला डॅकसुद्धा ११० च्या वर देतो. १९२, ७६८ वगैरे आकड्यांचं तर काहीच काम नाही, तुमच्या फाइलच ४४.१ च्या आहेत, त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं, आणि सत्तरीत आपले कान त्याच्या निम्म्यापर्यंत ऐकत असले तरी पुष्कळ.

खोलीचं विचारायचं राहिलं. स्पीकर कुठे आहेत, शोकेसमध्ये का? आणि बाबांचा सोफा भिंतीला टेकून आहे का?

भटियार

तपकीरगल्ली काका, काल रात्री चार्जर काढला आणि किर्रर्र पूर्ण बंद!! अगदी शून्य. मी दहा मिनिटं नुसता चार्जर काढत-लावत बसलो होतो. तीन आठवडे चिपांबद्दल वाचत होतो आणि कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये होतं.

मुक्ताताई, हो, स्पीकर शोकेसमध्ये आहेत आणि सोफा भिंतीला टेकलेला. खोली १२ बाय १०.

सध्या दोन डॅक बघून ठेवलेत, एसएमएसएल एसयू-१ आणि टॉपिंग ई३० टू. दोन्हीला ऑप्टिकल आहे. टॉपिंग महाग आहे पण त्याला रिमोट आहे. आणि एक भानगड, अ‍ॅम्पला मागे लाल-पांढरी आरसीएची जागाच नाही, जुना गोल पाच पिनांचा सॉकेट आहे. आत्ता जी वायर लावलीय ती कुणीतरी घरी जोडून दिलेली आहे आणि तिचं काही खरं नाही.

तपकीरगल्ली

रिमोटवाला घ्या, दुसरा विचार करू नका, आणि कारण आवाजाचंच आहे.

तुमच्या अ‍ॅम्पचे इनपुट त्या काळच्या टेप-ट्यूनरच्या हिशोबाने केलेले असतात, २००-३०० मिलिव्होल्टला पूर्ण आवाज. त्यात डॅकचे २ व्होल्ट सोडले की व्हॉल्यूमचं बटण जरा हलवलं तरी घर दणाणतं, म्हणून ते कायम अगदी तळाशी ठेवावं लागतं, आणि या जुन्या पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) तळाशी डावं-उजवं सारखं नसतं. मग गाणारा मध्यभागी न बसता एका स्पीकरकडे सरकतो. लोक डॅकला दोष देतात. ई३० मध्ये प्रीअ‍ॅम्प मोड (डॅकमधूनच आवाज कमी-जास्त करायची सोय) आहे, तो चालू करून रिमोटने १२ डेसिबल खाली आणा, म्हणजे २ चा अर्धा व्होल्ट होतो, आणि अ‍ॅम्पचं बटण दहा-अकरा वाजण्याच्या जागी येईल, तिथे दोन्ही बाजू जुळतात. डॅकमध्ये डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की आवाज खराब होतो असं कोणी म्हणेल, पण सीडीच्या १६ बिटसाठी तुमच्याकडे भरपूर जागा शिल्लक आहे. पुढे मग बाबा खुर्चीवरूनच आवाज कमी-जास्त करतील, उठायला नको.

पाच पिनांना डिन म्हणतात. पिना ओळीने नाही तर १-४-२-५-३ अशा क्रमाने असतात. मधली २ नंबर ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा. १ आणि ४ या टेपवर रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणाऱ्या असतात, चुकीची तयार केबल घेतली तर तिथे जोडली जाते आणि काहीच ऐकू येत नाही. तपकीर गल्लीत पसोड्या विठोबाच्या बाजूने आत आलात की सुट्या पिना आणि शिल्डेड वायर मिळते, चांगला सोल्डर करणारा अर्ध्या तासात बनवून देईल. घरी आल्यावर पहिल्यांदा लावताना व्हॉल्यूम शून्यावरून सुरू करा.

मुक्ता_सहकारनगर

१२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास घुमतं, आणि ते सगळ्यात जास्त भिंतीलगतच. तबल्याचा डग्गा नुसता गुरगुरतोय असं वाटत असेल तर ते हेच. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या आणि स्पीकर शोकेसमधून बाहेर काढून कानाच्या उंचीला ठेवा. डॅक येईपर्यंत हे करून बघा, याला खर्च नाही.

शुद्धसारंग

मुक्ता, मल्टिमीटर आणून मोजतो या रविवारी, ट्रेबल फिरवूनपण बघतो. प्रामाणिकपणे कळवीन.

भटियार

उशिरा अपडेट देतोय, माफ करा. ई३० टू आला, डिनची केबल बनवून घेतली (काकांनी सांगितलेल्या पिनांप्रमाणे, पहिल्या झटक्यात चालली), लॅपटॉप टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल. पहिल्या दिवशी सगळं जोडून काहीच आवाज येईना, तासभर वायरी तपासल्या, मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "ऑटो" होतं ते "पीसीएम" (साधा डिजिटल सिग्नल) केलं आणि लगेच सुरू झालं. टीव्ही डॉल्बी पाठवत होता आणि या दोन चॅनलच्या डॅकला ते कळत नाही. ज्यांना टीव्ही जोडायचाय त्यांनी हे आधी बघा.

चार्जर लावलेला असूनही मागे काही म्हणजे काही येत नाही. सोफा पुढे घेतला, डग्गा आता वेगळा ऐकू येतो, गायकाचा श्वास घेतल्याचा आवाजपण.

बाबांनी परवा संध्याकाळी पूरिया लावायला सांगितला. संपल्यावर त्यांनी रिमोटने आवाज दोन घरं कमी केला आणि म्हणाले, आता मारवा लाव, आणि कॅसेटचा खोका कपाटातून काढून ठेव, अजून अर्धा राहिलाय.