१५ किलोचा सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) डबा कशात ओतून ठेवावा? (वडोदरा)

दांडियाबाजारकर: वर्षाचं सिंगतेल डब्याने घेतो. डबा फोडला की तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओततो आणि तिथून पारदर्शक नळीच्या हातपंपाने रोजच्या बरणीत काढतो. कॅनच्या बुडाशी त्रिकोणात २ आहे. प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरत असतील तर कॅन बदलू का? बदलून काय घेऊ?

तेलपारखी: आधी पंप काढा, कॅनचं नंतर बघू. २ म्हणजे एचडीपीई हे प्लास्टिक, त्याला मऊ करायला वेगळं काही घालावं लागत नाही. गोम नळीत आहे. अशी मऊ, काचेसारखी नळी बहुधा पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची असते. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते वाकावं म्हणून त्यात थॅलेट हे मऊ करणारं रसायन मिसळतात, तेही थोडंथोडकं नाही, वजनाच्या २० ते ४० टक्के. ते प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतं आणि स्निग्ध पदार्थात सहज विरघळतं, म्हणून पाण्याला चालणारी नळी तेलाला चालेलच असं नाही.

तुमची नळी नव्या नळीशेजारी धरून वाकवून बघा. पीव्हीसी असेल तर महिनोन्‌महिने तेलात बुडालेला भाग ताठ झालेला असतो, जोर दिला तर चिरतो. तिथला मऊपणा तेलात गेलेला असतो.

थॅलेट तेलात उतरलं की नाही हे चव, रंग, वास यांवरून कळत नाही. गाळून निघत नाही आणि कढईतही उडून जात नाही: डीईएचपी या नेहमीच्या थॅलेटचा उत्कलनबिंदू ३८० अंशांच्या पुढे, तळण १८०च्या आसपास. प्रजननाशी संबंधित संप्रेरकांवर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या पॅकेजिंग नियमांत ते अन्नात किलोमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरू नये अशी मर्यादा आहे.

कोठीघर: घ्यायची तर तोटीची स्टीलची कोठी घ्या. १५ किलो तेल म्हणजे साधारण साडेसोळा लिटर, तेव्हा १८ लिटरची पुरे. फार मोठी घेतली तर वर हवा राहते आणि तेल लवकर खवट होतं. तोटीही स्टीलचीच हवी. पितळेतलं तांबं तेल झपाट्याने खराब करतं. वॉशर उघडून बघा आणि काळं रबर असेल तर खाद्यपदार्थांसाठीचा सिलिकॉनचा बसवून घ्या. तोटी बुडापासून दोन बोटं वर असावी, म्हणजे घाण्याच्या तेलाचा गाळ खाली राहतो. भरण्याआधी कोठी धुऊन पूर्ण कोरडी करा, आणि जुन्या तेलावर नवं कधीच ओतू नका.

रिकामा पत्र्याचा डबा पुन्हा तेल भरायला देऊ नका. एफएसएसएआयच्या याच पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

दांडियाबाजारकर: तळणीचं उरलेलं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेलं चालतं का?

तेलपारखी: गरम असताना अजिबात नाही. ती बाटली पीईटीची, ७५ अंशांच्या आसपासच मऊ पडते. तेल कढईतच पूर्ण निवू द्या, स्टीलच्या गाळणीने गाळा आणि स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. किती उतरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: तेल किती गरम, किती वेळ टेकून, किती पृष्ठभागाला. म्हणून थंड तेल प्लास्टिकच्या नरसाळ्यातून ओतलं याची काळजी करत बसू नका. महिनोन्‌महिने बुडालेली नळी मात्र आजच फेका.

कोठीघर: घाण्यावरून तेल आणत असाल तर तिथली नळीही बघा. ताजं तेल कोमट असतं आणि बरेचदा तशाच मऊ पाइपातून कॅनमध्ये पडतं. घरून स्टीलचा डबा न्या आणि थेट घाण्याच्या तोंडाखाली धरा.

लोणच्याच्या बरण्यांचंही तेच. पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाला आतून जे मऊ कडं असतं, ते बहुधा पीव्हीसीचंच. बरणी उभी ठेवा, काठोकाठ भरू नका.

दांडियाबाजारकर: आणि कॅन?

तेलपारखी: कोठी येईपर्यंत चालेल, पण गॅसपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. आधी त्यात फिनाइल किंवा दुसरं काही भरलेलं असेल तर नको. एचडीपीईत वास मुरतो आणि तेल तो परत ओढून घेतं. तळाचा आकडा ३, म्हणजे पीव्हीसी, असता तर लगेच काढा म्हटलं असतं. रोजच्या वापराला अर्ध्या लिटरची काचेची बुधली बरी, आठवड्याला रिकामी करून धुता येते.