पाइप सावकाश ओढायला कसे शिकलात?

सिगारेटवरून पाइपवर आलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: जीभ पोळते आणि तंबाखू सारखी विझते. तुम्हाला सावकाश ओढणं कसं जमलं? स्वतःचे अनुभव लिहा. ज्यांनी कधी ओढला नाही त्यांनी सुरू करावा म्हणून हा धागा नाही, हे आधीच सांगतो.

कोरा कागद
मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी मला आधी पाइप नुसता भरायला शिकवला. तंबाखू चिमटीत दाबून सोडायची. गोळा तसाच राहिला तर ओली, हळूहळू उलगडला तर तयार. ओली तंबाखू पेटत नाही, म्हणून माणूस जोरात ओढतो आणि गरम वाफेनं जीभ पोळते. पुण्यात पावसाळ्यात ती कागदावर पसरून तासभर टेबललॅम्पखाली ठेवावी लागते. भरताना मामांचं ठरलेलं वाक्य असे: तळाला लहान मुलाचा हात, मध्ये बाईचा, वर पुरुषाचा. म्हणजे दाब तळाला अगदी हलका, वर येताना वाढवत न्यायचा. मग न पेटवता ओढून बघायचं. स्ट्रॉनं सरबत पिताना लागतो तेवढाच जोर लागायला हवा. जास्त लागला तर सगळं उपसून पुन्हा भरायचं. मामा खरंच भरायला लावायचे!

मिसूरीकर
इथे अमेरिकेत सेंट लुइसच्या पश्चिमेला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाइप बनतात. स्वस्त आणि वजनाला हलके. माझा पहिला तोच. शेजारचे आजोबा ओढता ओढता पाइप गालाला लावून बघत. चटका बसला की खाली ठेवत. विझला तरी त्यांना काही वाटत नसे. राख हलकेच दाबून दुसरी काडी ओढत. ते पाहून माझी घाई गेली.

वाफाळता
पहिल्या काडीनं वरची तंबाखू फुगून वर येते. ती दाबून दुसऱ्या काडीनं पेटवायची, तेव्हा खरा निखारा धरतो. युरोपात सावकाश ओढण्याच्या स्पर्धाच होतात: तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, ज्याचा निखारा शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. पट्टीचे लोक तीन तासांच्या वर नेतात. मला तेवढी हौस नाही. वाचताना माझा वेग नकळत वाढतो, पण विलंबित ख्याल लावून बसलो की झुरका आपोआप समेवर पडतो.

जुईली
मी ओढत नाही, बाबांचं लिहिते. ते अगदी सावकाश ओढायचे, धूर छातीत घेत नसत, म्हणून निर्धास्त होते. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तो दाताच्या डॉक्टरांना दिसला. बायॉप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला झोप नव्हती. रिपोर्ट चांगला आला, पण बाबांनी त्या दिवसापासून पाइप सोडला. धूर आत घेतला नाही तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं आणि तोंडाचा कॅन्सर पाइपनंही होतो. सावकाश ओढणाऱ्यांनीही तोंड तपासून घ्या, प्लीज.

धागाकर्ता
जुईली, आभार. हे मी सगळ्यात वर जोडतो. कोरा कागद, ओढून झाल्यावर काय करता?

कोरा कागद
गार होईपर्यंत हात लावत नाही. गरम असताना नळी ओढून काढली तर सांध्याशी मोडते. गार झाल्यावर आतून क्लीनर (धागा गुंडाळलेली बारीक तार) फिरवायचा आणि तो पाइप निदान दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्यायचा. आतली ओल सुकली नाही तर पुढच्या वेळी पुन्हा वाफच.