प्रतिसाद: डिओ टेबलावर ठेवून देण्यापेक्षा

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या अंगाला घामाचा वास येतो, त्याला ते कसं सांगावं, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी सुचवलंय की त्या सहकाऱ्याच्या टेबलावर गुपचूप डिओची बाटली ठेवून द्या. कृपया असं करू नका. कोणी ठेवली या विचाराने तो माणूस सगळ्यांकडेच संशयाने बघायला लागतो आणि वासाचं मूळ कारण तसंच राहतं.

एकाच व्यक्तीने, शक्यतो त्याच्या वरिष्ठाने, बंद खोलीत आणि दिवस संपताना बोलावं; सकाळी सांगितलं तर तो दिवसभर अवघडून बसेल. "सगळे म्हणतात" हे शब्द टाळा. "जरा नाजूक विषय आहे. जवळ बसल्यावर घामाचा वास जाणवतो, कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल," एवढं पुरे. स्वतःच्या वासाची नाकाला सवय होते, त्यामुळे त्याला खरंच कळत नसतं.

त्याने उपाय विचारला तर नेमकं सांगा. घामाला स्वतःला फारसा वास नसतो, तो काखेतल्या जिवाणूंमुळे येतो. डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करायला अँटिपर्स्पिरंट लागतं, तेही रात्री कोरड्या त्वचेवर लावलेलं. बऱ्याचदा खरा दोषी शर्ट असतो: पॉलिएस्टरमध्ये वास धुतल्यावरही उरतो आणि अंगाची ऊब लागली की परत येतो. असे शर्ट बदलून सुती वापरावेत.

रोज आंघोळ, धुतलेले कपडे असूनही वास येत असेल, किंवा तो अचानक बदलला असेल, तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. ट्रायमिथायलअमिन्युरियासारख्या विकारात (यात शरीरातूनच माशासारखा वास येतो) नुसत्या नेहमीच्या साबणाचा फारसा उपयोग होत नाही.