गुलाबी रंग शोभेचा नाही

थायलंडच्या बाजारातली गुलाबी कवचाची अंडी नुसती शोभेला रंगवतात असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. शेजारीच खारवलेली बदकाची पांढरी अंडी असतात. गिऱ्हाइकाची गल्लत होऊ नये म्हणून 'खाय यिआव मा'ला, म्हणजे या मुरवलेल्या अंड्यांना, गुलाबी रंग देतात. नावाचा अर्थ 'घोड्याच्या मुताचं अंडं', पण मूत त्यात अजिबात नसतं! चुना, मीठ, सोडा यांत काही आठवडे मुरलं की आतलं पांढरं काळपट जेलीसारखं होतं, अमोनियाचा वास सुटतो. नाव त्या वासावरून.

तिथे लावा पक्ष्याची अंडीही मिळतात. आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात एकेक फोडून तळतात, वर सोया सॉस नि मिरपूड. गरम असतानाच खावीत.