बिल मोरॅन : सुरीपलीकडचं काम

अमेरिकन सुरीकार बिल मोरॅन यांच्या सुऱ्यांच्या देखणेपणाचं कौतुक होतं, ते पटतंच. मेपलच्या लहरदार लाकडात चांदीची तार ठोकून बसवलेली ती मूठ बघत राहावी अशी. पण मला त्यांचं मोठेपण दुसरीकडे दिसतं.

मेरीलँडमधल्या या माणसाने १९७३ साली स्वतः घडवलेल्या दमास्कस सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या. दमास्कस म्हणजे वेगवेगळ्या पोलादाचे थर तापवून, घणाखाली एकजीव करायचे, दुमडायचे, पुन्हा ठोकायचे. शेवटी आम्लात बुडवलं की पात्यावर नक्षी उमटते. तापमान जरा चुकलं तर थर जुळतच नाहीत. अमेरिकेत तेव्हा हे जवळजवळ कोणीच करत नव्हतं. इतक्या कष्टाने साधलेली गोष्ट त्यांनी लपवली नाही, कृती सांगून टाकली. कारागीर सहसा असं करत नाहीत!

१९७६ साली त्यांनी सोबत्यांसह अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संस्था काढली. तिथली परीक्षा मला फार आवडते: एकाच पात्याने लोंबता जाड दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळी दोनदा तोडायची, तरीही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. मग तेच पातं शिकंज्यात धरून ९० अंशात वाकवायचं, आणि ते मोडता कामा नये. धार कडक, पाठ लवचिक. पाणी देण्यातलं, म्हणजे पातं तापवून थंड करत हवं तितकं कडक करण्यातलं, सगळं कसब इथे उघडं पडतं.

मोरॅन २००६ साली गेले. आज जगभर दमास्कस पाती घडवणाऱ्या कित्येकांच्या कामात त्यांचा हात आहे.